कोमट डॉक्टर

आमचे डॉक्टर रोग्याच्या पोटाला हात लावण्याआधी स्वतःचा हात कोमट पाण्यात बुडवून घेत. टेबलाच्या उजव्या अंगाला पितळेची तपेली, तिच्यात कोमट पाणी, शेजारी घडी घातलेला पंचा. बाहेर पेशंट खोळंबलेत, कोणाचं पोर रडतंय, कोणाची एसटी चुकतेय, पण यांचं हात बुडवणं, पुसणं, तळवे एकमेकांवर चोळून स्वतःच्या गालाला लावून बघणं शांतपणे चाललेलं. "गार हाताला पोट खोटं बोलतं," असं ते म्हणत. पनवेलकरांनी यावरून त्यांचं बारसंच करून टाकलं होतं. टपाल नाक्यावर त्यांचं पाटीवरचं नाव विचारलं असतंत तर लोकांनी चार दवाखाने दाखवले असते; 'कोमट डॉक्टर' म्हटलं की टांगेवाला थेट दारात आणून सोडायचा.

मी त्यांच्याकडे लागले ती माझ्या आवाजामुळे. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले होते, त्याचं पुढे काय करायचं हे मलाही ठाऊक नव्हतं आणि विद्यापीठालाही. गणपतीत आमच्या आळीच्या मंडळात हरवलेल्या चपला आणि सापडलेली मुलं मी लाउडस्पीकरवरून जाहीर करत असे. एकदा चुकलेलं एक पोर माझ्या शेजारी बसून भोकाड पसरत होतं, ते मी बोलायला लागल्यावर गप्प झालं. हे डॉक्टरांनी गर्दीत उभं राहून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरी हजर. वडिलांना म्हणाले, "तुमच्या मुलीचा आवाज मला पाहिजे." वडील आधी दचकले, मग सगळं ऐकून घेऊन हो म्हणाले. पुढे जे झालं ते आठवलं की मला वाटतं, त्या सकाळी वडील घरात नसते तर किती बरं झालं असतं.

डॉक्टरांचा जीव एकाच दुखण्यात अडकला होता. पोट दुखतं, कधी चार-चार दिवस कोठा साफ होत नाही, कधी बाहेर पडायची वेळ झाली की धावायला लागतं. रक्त तपासलं, फोटो काढला, दुर्बीण घातली, सगळं ठीक. असे लोक गावोगाव हिंडून दमलेले असत. कोणी बेंबी सरकली म्हणून चोळून घेतलेली, कोणी दृष्ट काढून, कोणी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरकडून 'काही नाहीये तुम्हाला' असा दाखला घेऊन आलेला. इंग्रजीत या रोगाला लांबलचक नाव आहे. डॉक्टर त्याला 'रुसकं आतडं' म्हणत. गावातले बाकीचे डॉक्टर असे पेशंट आले की एकमेकांकडे बघून हसायचे आणि 'डोक्याची केस आहे, कोमटकडे पाठवा' म्हणायचे. हे आमच्या डॉक्टरांना फार लागायचं. "दुखतं म्हणजे दुखतं," ते म्हणायचे. "दुखण्याची सुरुवात मनात झाली म्हणून काय ते नाटक ठरतं? भीतीने घाम सुटतो, तो घाम काय खोटा असतो?"

प्रत्येक पेशंटला ते शंभर पानी वही देत. डाव्या पानावर पोटाचं लिहायचं, उजव्या पानावर दिवसाचं. दुबईहून सुटीवर आलेल्या मोहल्ल्यातल्या एका भाईंची वही मला आठवते. ते म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, अल्लाच्या कृपेने घरचं सगळं चांगलं आहे, फक्त हे पोटच बेईमान झालंय." डॉक्टरांनी वही चाळली आणि मला दाखवली. डाव्या बाजूचं दुखणं सुटीचे दिवस संपत आले तसतसं वाढत गेलेलं. उजव्या बाजूला परतीच्या तिकिटाचा एका अक्षराने उल्लेख नव्हता. डॉक्टरांनी हात बुडवला, त्यांच्या पोटावर ठेवला आणि विचारलं, "भाई, विमान कधीचं?" तो सहा फुटी माणूस बाकावर पडल्या पडल्या रडला. त्या दिवशी मला डॉक्टरांचा पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही वाटली. माणसाच्या इतकं आत हात घालणाऱ्याची चूक झाली तर ती केवढी असेल, असं काहीतरी मनात आलं आणि गेलं.

चूक होऊ नये म्हणून त्यांची पक्की वहिवाट होती. नवीन माणूस आला की वही देण्याआधी तीन प्रश्न. शौचाला रक्त पडतं का? वजन उतरलंय का? दुखण्याने झोपेतून उठायला होतं का? तिन्हींना नाही असेल तरच तो आमचा. एकाला जरी हो असेल तर चिठ्ठी लिहून मुंबईला, मग तो कितीही रडला तरी. "रुसकं आतडं रक्त सांडत नाही," ते मला बजावत. "जे सांडतं ते दुसरं कोणीतरी आहे, आणि ते वाट बघत नाही." बायकांना हे प्रश्न मी विचारायचे, आतल्या खोलीत, दार लावून. सासू किंवा नवरा समोर असला की बायका रक्ताला नाहीच म्हणतात, हे त्यांनी फार वर्षांपूर्वी हेरलं होतं. एकदा मी घाईत एका बाईला सासूसमोरच विचारलं तर डॉक्टरांनी उत्तरांचं पान टरकावलं आणि तिला पुन्हा आत बसवायला लावलं. तेव्हा मला राग आला होता.

त्याच सुमारास त्यांच्या वाचनात आलं की परदेशात काही डॉक्टर या रोगावर नुसत्या बोलण्याचा उपचार करतात. रोग्याला निजवायचं, अंग सैल करायला सांगायचं, पोटावर हात ठेवून तो हात ऊबदार होतोय, आतडं संथ होतंय असं त्याच्या मनावर ठसवायचं. डॉक्टरांना कोण आनंद झाला! जे ते इतकी वर्षं तपेलीतल्या पाण्याने करत होते त्याला शास्त्राचा आधार सापडला. मुंबईत त्यांचे एक जुने प्रोफेसर होते, त्यांना भेटून आले आणि अभ्यास करायचं ठरलं. निम्म्या पेशंटना वही आणि नेहमीच्या गोळ्या, निम्म्यांना वही, गोळ्या आणि एक कॅसेट. कोणाला काय ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातली चिठ्ठी ठरवणार. वर्षभराने दोन्ही गटांच्या वह्या ताडून बघायच्या. निकाल चांगला आला तर प्रोफेसर त्यांना मुंबईच्या मोठ्या सभेत उभं करणार होते. पनवेलच्या एका साध्या डॉक्टरने तिथे उभं राहून सांगायचं की ही माणसं नाटकं करत नाहीत, आणि ती बरी होतात. आयुष्यात त्यांना दुसरं काही नको होतं. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "यांना जगाच्या पोटातलं कळतं, घरातल्यांना भूक लागलेली तेवढी कळत नाही."

कॅसेटवर आवाज माझा. डॉक्टरांचा घसा बसका, त्यांनी एकदा करून बघितलं तर ते धमकी दिल्यासारखं ऐकू आलं. न्हावा शेवाचं बंदर तेव्हा नुकतं सुरू झालं होतं आणि मोठमोठे ट्रेलर रात्रंदिवस धडधडत जायचे, म्हणून आम्ही रविवारी दुपारी औषधांच्या खोलीत गाद्या उभ्या करून टेप करायला बसलो. मजकूर डॉक्टरांनी पेन्सिलीने लिहिला होता. वीस मिनिटांचा. शेवटी एक वाक्य होतं: 'शौचात रक्त दिसलं किंवा अंग उतरायला लागलं तर ही टेप ऐकू नका, आधी डॉक्टरांना भेटा.' मी ते वाचून बघितलं आणि मला ते कानाला खुपलं. म्हटलं, "डॉक्टर, एवढं सगळं शांत केल्यावर हे रक्त मध्येच कशाला? माणूस दचकून उठून बसेल." त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाले, "ज्यांना टेप देणार त्यांना आपण विचारलेलंच आहे म्हणा." आणि त्यांनी त्या वाक्यावर रेघ ओढली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे कबूल करायला हवं. नंतर मी एका दमात वीस मिनिटं बोलले, एकदाही न अडखळता, आणि बाहेरून एकही ट्रेलर गेला नाही.

हिराबाईला कॅसेटची चिठ्ठी निघाली. ती करंजा बंदरावरची कोळीण, पनवेलच्या बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसायची. पोटाचं दुखणं पाच वर्षांचं. बाजारात कळ आली की टोपली शेजारणीच्या गळ्यात टाकून पळायला लागायचं. टेप ऐकायची म्हणजे काय ते तिला समजावताना आमच्या नाकी नऊ आले. "म्हंजे भूल घालनार काय?" तिने विचारलं. डॉक्टर हसत म्हणाले, "नाही हिराबाई, भूल उतरवणार." ती महिन्याने आली ती ठसक्यात, डॉक्टरांच्या टेबलावर पापलेटांची पिशवी आपटून. "पाच वर्सं गोल्यांचं इख खाल्लं मी, आनि बरी कशान झाली तर या बायच्या बडबडीनं!" डॉक्टर मांसमच्छी खात नसत. पापलेटं आमच्या शेजाऱ्यांकडे गेली, पण डॉक्टर दिवसभर ती गोष्ट येईल त्याला सांगत होते.

वर्ष संपत आलं आणि वह्या सांगायला लागल्या की ज्यांच्याकडे कॅसेट आहे ते खरंच सुधारतायत. डॉक्टर वह्या उशाशी घेऊन झोपत. याच दिवसांत हिराबाई कॅसेट बदलून मागायला आली. पट्टी झिजून आवाज घोगरा झाला होता. डॉक्टरांनी ती उन्हात धरून बघितली आणि म्हणाले, "बाकी कोणाची इतकी झिजली नाही. दिवसातून एकदाच लावता ना?" हिराबाई म्हणाली, "आमच्याकडं लय चालती ती." मी हसले आणि म्हटलं, "डॉक्टर, त्यांना आवडते, ऐकू दे की." आणि नवी काढून दिली. डॉक्टर जुनी कॅसेट हातात उलटीपालटी करत होते. काहीतरी विचारायचं त्यांच्या ओठावर आलं असावं, पण तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

सभेची तारीख कळली त्याच आठवड्यात हिराबाई आपल्या धाकट्या जावेला, कुंदाला, घेऊन आली. टेम्पोतून उतरवून दोघांनी धरून आणलं. तिशीची बाई, पण पोलक्याच्या बाह्यांत नुसती हाडं. हिराबाई आपल्याच आनंदात सांगत होती, "हिला पन माज्यासारकंच पोट दुखायचं. मी म्हनलं दवाखान्यात कशाला जातीस, टेप हाय ना घरात. वरीस झालं, लय गुन आला. पन आताशा जेवन जात नाय." त्यांच्या घरात औषधाची बाटली आली की ती घराची असते, एकट्याची नसते. गोळ्या दुसऱ्याला देऊ नका, हे आम्ही प्रत्येकाला दहा वेळा बजावलं होतं. कॅसेटबद्दल असं काही सांगायला हवं, हे आम्हा शिकलेल्यांच्या डोक्यातच आलं नाही.

डॉक्टरांनी हात बुडवला, पुसला, गालाला लावून बघितला आणि कुंदाच्या पोटावर ठेवला. उजवीकडे खाली तो हात थांबला. त्यांनी तिथेच बोटांनी पुन्हा एकदा चाचपलं. त्यांचा चेहरा मी कधी इतका रिकामा बघितला नव्हता. मग मला म्हणाले, "वसुधा, यांना आत ने आणि विचार." मी दार लावलं आणि विचारलं. कुंदा माझ्याकडे नवलाने बघत होती, कारण माझा आवाज तिच्या ओळखीचा होता. "तूच ती!" म्हणाली. मग प्रश्नाचं उत्तर दिलं, अगदी सहज. "रगत? पडतं की. गेल्या वर्साच्या गनपतीपासून. पन तुजी टेप लावली की दुखायचं रायतं, झोप लागती. मंग मी म्हनलं, बरं व्हतंय." मी वहीत 'हो' लिहिलं. तो शब्द लिहायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही.

मुंबईला नेलं, पोट उघडलं आणि तसंच शिवून परत पाठवलं. आतड्यातली गाठ पार पसरली होती. वर्षभर आधी आली असती तर काढता आली असती, असं तिथल्या सर्जनने डॉक्टरांना फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि मला कॅसेटवाल्यांची यादी काढायला सांगितली. त्यानंतरचे पंधरा दिवस दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून खांद्याला पिशवी लावून ते घरोघर गेले. मी बरोबर असायचे. प्रत्येक घरात ते हेच विचारायचे: आणखी कोणी ऐकली? एकही कॅसेट एकट्याने ऐकलेली निघाली नाही. नणंदा, शेजारणी, बेलपाड्याची कोणाची मावशी. प्रत्येकीला तीन प्रश्न विचारून झाले. सगळ्या ठीक होत्या. करंजा त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

बंदरावर लिलाव आटोपला होता, बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. कुंदा ओसरीवरच्या खाटेवर होती. हिराबाई घरात असूनही नसल्यासारखी, मागच्या दाराशी बसलेली. सासूने तिला चुलीपासून उठवलं होतं आणि कुंदाच्या मुलांना तिच्या हातचं खाऊ देत नव्हती. "हिनंच घात केला," म्हातारी आम्हाला सांगत होती. "जावेवर डोला व्हता हिचा. आपली टेप देऊन भूल घातली माज्या सुनेला." हिराबाईचा नवरा खाली मान घालून जाळ्याला गाठी मारत होता. बाजारात दहा जणांना गप्प बसवणारी हिराबाई पदर तोंडात धरून दोन्ही हातांनी पोट आवळून बसली होती.

डॉक्टर म्हातारीसमोर उभे राहिले. "आजी, हिराबाईंचा यात काही दोष नाही," ते म्हणाले. "त्यांना गुण आला म्हणून त्यांनी जावेला दिलं, मायेनं दिलं. रक्त दिसलं तर टेप ऐकू नका, असं एक वाक्य त्या टेपवर असायला हवं होतं. मी ते लिहिलं होतं आणि मीच काढलं. कुंदाने ते ऐकलं असतं तर ती तेव्हाच माझ्याकडे आली असती. चूक माझी आहे. तुम्हाला तक्रार करायची तर माझ्यावर करा, मी लिहून देतो." मी त्यांच्या मागे दोन पावलांवर होते. आता बोलायचं, असं मी स्वतःला सांगत होते. मग कुंदाचा नवरा उठून डॉक्टरांच्या अंगावर धावून आला, कोणीतरी त्याला मागे ओढलं आणि बोलायची वेळ निघून गेली.

जाताना डॉक्टरांनी कॅसेट मागितली तर कुंदा देईना. उशीखाली धरून म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना ती. आता काय वाईट करनार हाय?" डॉक्टरांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि कॅसेट तिथेच ठेवली. एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. खाडीवरून वारं येत होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, त्यांना रडताना बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही मी बोलले नाही. कुंदा दिवाळी उलटायच्या आत गेली.

प्रोफेसरांनी त्यांना समजावलं. कुंदा तुमच्या अभ्यासात नव्हतीच, तिचं नाव यादीत नाही, चिठ्ठी तिने उचलली नाही. मग तिची हकीकत अहवालात घालायचं कारण काय? उपचार लागू पडतोय, आकडे स्वच्छ आहेत, सभेत उभे राहा. मी समोर होते. डॉक्टर म्हणाले, "सर, उपचार लागू पडला म्हणूनच ती गेली. हे सोडून मी काय सांगू?" त्यांनी अहवालाची सुरुवातच कुंदापासून केली. सभेला त्यांना कोणी बोलावलं नाही आणि तो अहवाल कुठे छापूनही आला नाही. पनवेलमध्ये मात्र बातमी सगळीकडे छापल्यासारखी पसरली. कोमट डॉक्टरने कोळणीला भूल देऊन मारली, असं लोक बोलायचे. दवाखान्यातले बाक रिकामे पडायला लागले. ज्या भाईंना त्यांनी रडवून बरं केलं होतं तेही दुबईहून आले की रस्ता बदलून जायचे.

एकदा, फक्त एकदा, मी धीर करून विषय काढला. "डॉक्टर, ते वाक्य मी..." त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "पेन्सिल कोणाच्या हातात होती?" म्हणाले. "तू चोवीस वर्षांची पोर. तुला कानाला काय गोड लागतं ते कळत होतं. रोग्याला काय लागतं ते कळायची जबाबदारी माझी होती. पुन्हा हे बोलायचं नाही. कोण आलंय बघ बाहेर." बाहेर कोणीही नव्हतं. त्यानंतरही ते उपचार करत राहिले, पण कॅसेट नाही. मला पेशंटच्या शेजारी बसवून, समोरासमोर, आणि संपल्यावर घरच्या माणसांना आत बोलावून ते धोक्याच्या खुणा मोठ्याने समजावून सांगत. अशी बरी झालेली माणसंही पुष्कळ आहेत. मला शाळेत नोकरी लागल्यावरही मी शनिवारी जात असे. मी त्यांचे उपकार फेडतेय असं लोकांना वाटायचं.

नव्वदचं दशक संपायच्या सुमारास डॉक्टर हृदयविकाराने गेले. गाढी नदीकाठच्या स्मशानात फार माणसं नव्हती. काकूंना सोबत म्हणून मी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, तेव्हा हिराबाई आली. केस पार पांढरे झालेले, पण चाल तीच ठसक्याची. मागच्या घरात जाऊन काकूंच्या पायांवर डोकं ठेवून आली आणि माझ्या शेजारी टेकली. म्हणाली, "त्या दिवशी डॉक्टर आले नसते तर मी करंज्याच्या जेट्टीवरून उडी घेतली असती. घरान् कोन मना मानूस म्हनत नव्हतं. त्यांनी ते वाक्य आपल्या अंगावर घेतलं, म्हनून मी जगली."

मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "हिराबाई, ते वाक्य त्यांनी आपणहून काढलं नव्हतं. मी काढायला लावलं. कानाला बरं वाटत नाही म्हणून. तुमच्या ओसरीवर मी मागे उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही." तिच्याकडे बघायची माझी छाती होईना. समोरच्या रस्त्यावरून ट्रेलर जात होते. ती आता उठेल, शिव्या देईल, थुंकेल, काहीही करेल अशी मी वाट बघत होते, आणि तिने तसं केलं असतं तर मला हलकंच वाटलं असतं.

हिराबाई माझ्याकडे वळली. मग तिने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"मंग येवडी वर्सं तुजं पोट कसं हाय गो, बाय?"

मला हे कोणीही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीसुद्धा नाही. "रोज पहाटे दुखतं," मी म्हटलं, आणि तिथेच पायरीवर तिला सगळं सांगायला लागले.